पट्ट्याचा रंग नको, जोडीदाराची पकड बघा

जून लागला, शाळा उघडल्या, की गिरगावातल्या ठाकूरद्वारापासून दादरच्या रानडे रोडपर्यंत शाळांच्या फाटकांवर फलक झळकू लागतात. कराटे, तायक्वांदो, ज्युडो, किक-बॉक्सिंग, क्राव्ह मागा अशी नावं, खाली ठळक अक्षरांत ‘स्वसंरक्षण’ आणि शेजारी पाय डोक्याच्या वर फेकलेल्या मुलाचं चित्र. मग शाळा सुटायची वाट बघत थांबलेल्या आयांमध्ये चर्चा सुरू होते. मुलीला कशाला घालायचं, कराटेला की ज्युडोला? नोकरी करणाऱ्या मुली स्वतःसाठीही हाच प्रश्न विचारतात.

मला वाटतं, या प्रश्नाची सुरुवातच उलट्या टोकाने होते. कलेचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं ते एवढंच, की त्या वर्गात एक माणूस दुसऱ्याला खरोखर धरतो का, आणि धरलेल्याला खरोखर सुटायला शिकवतात का. बाकीचं सगळं, म्हणजे गणवेश, पट्टे, भिंतीवरची प्रमाणपत्रं, कपाटातली पदकं, या एका गोष्टीच्या मागून येतं. आणि ही गोष्ट मुंबईच्या या भागाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. गिरणगावातल्या तालमींना ती फार आधीपासून ठाऊक होती.

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड हा सारा मुलूख गिरण्यांच्या भोंग्यावर जगत होता, तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आणि कोकणातून आलेले तरुण गाववाल्यांच्या गाळ्यांत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि पाळी संपली की तालमीत जायचे. गावाकडची कुस्ती त्यांच्याबरोबर मुंबईत आली. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवर जे मोलाचं संशोधन केलं, त्यात तालमी आणि वस्तीतले दादा यांना चांगली जागा दिली आहे. तालीम ही शरीर कमावायची जागा होती, तशीच वस्तीतल्या वजनाचीही. तिथली ताकद कधी शेजाऱ्याच्या मदतीला धावली, कधी शेजाऱ्यालाच दरडावायला वापरली गेली. या दोन्ही बाजू लक्षात ठेवूनच तालमीकडे बघायला हवं. आणखी एक उणीव मोठी होती. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायची मुभा फक्त पुरुषांना होती.

पण शिकवण्याची पद्धत मात्र पक्की होती. तांबडी माती चाळून, त्यात तेल, ताक, हळद घालून हौदा मऊ ठेवलेला असायचा. आधी जोर-बैठका, मग वस्ताद एखादा डाव उलगडून दाखवायचा. पट कसा काढायचा, ढाक कशी लावायची, घिस्सा कसा मारायचा. डाव समजायला पाच मिनिटं पुरतात. अंगात मुरायला मात्र समोर जोड लागतो, आणि तो जोड आपला डाव होऊ देत नसतो. तो पाय मागे घेतो, मान दाबतो, निसटतो, उलटा डाव टाकतो. रोज संध्याकाळी अशा हट्टी माणसाशी झोंबून जे उरतं, ते खरं शिक्षण. पैलवानाला आपण काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे नेमकं माहीत असतं, कारण त्याला ते रोज कुणीतरी दाखवून देतं.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, गाळे रिकामे होत गेले, आणि तालमींना पोसणारं मनुष्यबळच विखुरलं. बऱ्याच ठिकाणी हौद्याच्या जागी वजनं आणि आरसे आले. कुस्ती संपली असं मात्र नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आजही कामगारांसाठी ‘कामगार केसरी’ स्पर्धा भरवतं. आणि २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकली. हौद्याचं दार मुलींसाठी उघडायला इतकी वर्षं लागली, याची खंत वाटते. पण आता ते उघडलं आहे. तुमच्या जवळपास मुलींना कुस्ती शिकवणारं केंद्र असेल, तर ‘हे आपल्यासाठी नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

दादरला शिवाजी पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. व्यायाममहर्षी प्र. ल. काळे गुरुजींनी ते १९२५ मध्ये सुरू केलं. कित्येक वर्षं तिथे मुलं-मुली मल्लखांबावर चढत आली आहेत. मल्लखांबाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत याच शिवाजी पार्कवर झाली. संध्याकाळी तिथे उभं राहून दोराच्या मल्लखांबावर मुलींना बघावं. पायाच्या अंगठ्यात दोर पकडून डोकं खाली करताना त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नसतो.

मल्लखांब जन्मला तो कुस्तीच्या पोटी. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तो मल्लांच्या तयारीसाठी पुढे आणला, असं परंपरा सांगते. पकड घट्ट व्हावी, पाठ लवचीक व्हावी, अंग चपळ व्हावं, म्हणून पैलवान खांबाशी झटायचा. पण म्हणून हौद्यातला जोड कुणी रजेवर पाठवला नाही. लाकडाचा खांब कितीही गुळगुळीत असला, तरी तो उलटा डाव टाकत नाही. अंगाची तयारी आणि लढतीचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात, हे आपल्या जुन्या वस्तादांना पक्कं समजलेलं होतं. आजचा वर्ग निवडताना हीच फूटपट्टी वापरायची.

ती जपानलाही लागू पडते. १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी तोक्योतल्या एका देवळात ज्युडोची शाळा काढली, कोडोकान. त्यांच्याआधीच्या जुजुत्सूत बरेच जीवघेणे डाव होते, पण ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने करून बघायची सोय नव्हती, म्हणून बरंचसं ठरवून केलं जायचं. कानोंनी इजा करणारे डाव बाजूला काढले आणि उरलेल्या डावांचा मोकळा सराव सुरू केला, ज्यात दोघंही एकमेकांना पाडायचा मनापासून प्रयत्न करतात. त्याला रांदोरी म्हणतात. कमी धोक्याचे डाव, पण खऱ्या विरोधाविरुद्ध रोज केलेले. कानोंच्या शिष्यांची कीर्ती या सरावावर उभी राहिली.

कराटे मूळचं ओकिनावा बेटाचं. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी तोक्योत त्याचं प्रात्यक्षिक केलं आणि ते जपानभर पसरलं. कराट्यात काता असतात, म्हणजे एकट्याने ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. तोल, ताकद कुठून काढायची, श्वास, एकाग्रता, हे सगळं कातांतून येतं. मी कातांना कमी लेखत नाही. पण काता हा मल्लखांब आहे. ज्या वर्गात वर्षानुवर्षं फक्त ओळीत उभं राहून हवेत ठोसे मारले जातात आणि जोडीदाराशी गाठच पडत नाही, तिथे मुलीची शरीरयष्टी सुधारेल, शिस्त येईल, कदाचित आत्मविश्वासही वाढेल. पण तो आत्मविश्वास कुठल्याच कसोटीला उतरलेला नसेल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

प्रत्येक कलेच्या स्पर्धेचे नियम त्या कलेला घडवतात, हेही समजून घ्यायला हवं. तायक्वांदोच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी आहे. गुण मुख्यतः लाथांना मिळतात, त्यामुळे खेळाडूंचे हात खाली राहायची सवय लागते. ज्युडोत २०१३ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पायाला हात घालता येत नाही, आणि आपल्या कुस्तीत तर पट काढणं, म्हणजे पायच धरणं, हा पहिला डाव. बॉक्सिंगमध्ये अंतर सांभाळणं आणि ठोसा खाऊनही न गोंधळणं उत्तम येतं, पण कुणी कवेत घेतलं की पंच येऊन सोडवतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत जमिनीवर दाबून धरलेल्या माणसाने कसं निसटायचं, याचाही भरपूर अभ्यास होतो, आणि स्त्रियांच्या दृष्टीने हा भाग फार मोलाचा आहे. क्राव्ह मागा इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हातल्या रस्त्यांवरच्या हाणामाऱ्यांच्या अनुभवातून उभं करायला सुरुवात केली आणि पुढे इस्रायली सैन्यात ते घडलं. त्याचा हेतूच संरक्षणाचा. तरी त्या नावाखाली कोण किती खरा सराव करून घेतो, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यातली एकही कला वाईट नाही. चांगला शिक्षक आपल्या कलेच्या नियमांमुळे काय सुटतं ते ओळखून असतो आणि स्वसंरक्षणाच्या तासाला ते भरून काढतो. त्याला सरळ विचारा: तुमच्या खेळाच्या नियमांत नसलेलं काय शिकवता? उत्तरावरून माणूस कळतो.

आता आपल्या शहराकडे वळू. प्रसंग येतो कुठे? दादरच्या पुलावर, जिथे पाऊल टाकायला जागा नसते. गर्दीच्या वेळी फलाटावर. चाळीच्या अरुंद जिन्यात, लिफ्टमध्ये, शेअर टॅक्सीच्या मागच्या सीटवर. फलकावरची ती डोक्यावरची लाथ यांपैकी एकाही ठिकाणी मारता येणार नाही. साडी, तंग जीन्स, खांद्यावर पर्स, हातात डबा आणि पायांत पावसाळी चप्पल हा खरा वेश आहे. ज्या वर्गात वर्षातून एकदा तरी रोजच्या कपड्यांत, पाठीला भिंत लावून, कोपऱ्यात सराव करून घेतात, तो वर्ग या शहरासाठी शिकवतो.

यापेक्षाही अवघड गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षामागून वर्ष तेच सांगतात. नोंदवलेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ, लग्नाचं आश्वासन देणारा. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडाला कसं लोळवायचं एवढंच शिकवणारा वर्ग या वास्तवाकडे पाठ फिरवतो. ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा ‘हात काढ’ म्हणायला जे बळ लागतं, ते दंडात नसतं. ते घशात असतं, आणि त्याचाही सराव लागतो.

याला चांगला शास्त्रीय आधार आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ शार्लिन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर एक काटेकोर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाला नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरानंतर माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. चारच सत्रांत कुणी ब्लॅक बेल्ट होत नाही. मग त्या बारा तासांत होतं काय? ओळखीच्या माणसाच्या वागण्यातली धोक्याची चिन्हं लवकर ओळखणं, ‘आपणच जास्त विचार करतोय’ हा मनातला अडथळा दूर करणं, तोंडाने ठाम विरोध करणं आणि मोजकेच शारीरिक डाव. स्वसंरक्षणाच्या वर्गात या गोष्टींवर कुणी बोलतच नसेल, तर तो लढतीच्या खेळाचा वर्ग आहे. खेळ म्हणून खुशाल घाला, पण संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नका.

परळच्या एका शाळेच्या सभागृहात मी स्वसंरक्षणाचा खरा वर्ग बघितला. शिकवणाऱ्या ताईंनी दोन मुलींना पुढे घेतलं आणि एकीला म्हणाल्या, “हिचं मनगट धर.” दुसरीने हात फिरवून सोडवला. टाळ्या वाजायच्या आत ताई म्हणाल्या, “नाही. तू तिला मदत केलीस. तिने हात हलवला आणि तू बोटं सैल केलीस. आता सोडायचं नाही हं, काही झालं तरी.” आता पकड घट्ट बसली. मुलीने जीव खाऊन हात मागे ओढला. सुटला नाही. पुन्हा ओढला. मनगट लाल झालं. हा क्षण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण शिक्षण इथून सुरू झालं.

ताईंनी पकड जवळून दाखवली. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि त्यांची टोकं जिथे भेटतात तिथे फट. सरळ मागे ओढलं की आपण चार बोटांशी झगडतो. मनगट वळवून त्याची अरुंद कड त्या फटीसमोर आणली की झगडा एकट्या अंगठ्याशी उरतो. त्यातही हात मागे खेचायचा नाही. एक पाऊल पुढे टाकायचं, आपलं कोपर धरणाऱ्याच्या कोपराकडे ढकलायचं, म्हणजे हाताची तरफ होते आणि सगळ्या अंगाचं वजन त्या अंगठ्यावर येतं. पाऊल पुढे टाकायला मुलगी कचरत होती. घाबरलेलं अंग मागे जायला बघतं, पुढे जाणं शिकवावं लागतं. दोन-तीनदा चुकलं, मग सुटला. “आता तोंडाने,” ताई म्हणाल्या. “सोड! असं ओरडायचं.” पहिला आवाज इतका बारीक निघाला की मुली हसल्या. ताई हसल्या नाहीत. पुन्हा, पुन्हा करत चौथ्या-पाचव्या वेळी तो आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. मग त्या सगळ्यांना शाळेच्या जिन्यात घेऊन गेल्या आणि तेच जिन्याच्या वळणावर करायला लावलं. हात सुटला की धावत दारापर्यंत जायचं, हेही डावातच धरलेलं होतं.

त्या तासात दुसरा डाव शिकवला गेला नाही. मला ते फार पटलं. भीतीच्या क्षणी छाती धडधडते, हात थरथरतात, बोटांची नाजूक कामं जमेनाशी होतात. अशा वेळी शिकलेल्या पन्नास डावांतला कुठला वापरायचा हे सुचत नाही. तीन-चार साधे, ठसठशीत, शेकडो वेळा विरोधासह केलेले डाव मात्र अंग आपणहून करतं. ८ मार्चला, महिला दिनी, कार्यालयांत दोन तासांची कार्यशाळा होते, फोटो निघतात, डझनभर डाव दाखवले जातात आणि आठवड्याभरात सगळे विसरले जातात, ते यामुळेच. अशा कार्यशाळेने डोळे उघडले आणि पुढे कुणी नियमित वर्गाला गेलं, तर तिचा उपयोग झाला असं मी मानेन.

खऱ्या विरोधाचा सराव म्हणजे मारामारी मोकाट सोडणं नव्हे, आणि याबाबत पालकांनी अजिबात गाफील राहू नये. जमिनीवर मॅट असायलाच हवी. नुसत्या लादीवर एकमेकांना पाडायला लावणाऱ्या वर्गातून पाल्याला घेऊन तिथूनच परत फिरा. पडायचं कसं हे पहिल्या आठवड्यापासून शिकवतात का ते बघा. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहाताने जमिनीवर थाप. ही विद्या साठीतल्या माणसालाही उपयोगी पडते, कारण घसरून पडणं हाच त्या वयातला मोठा शत्रू. लहान मुलांना डोक्यावर फटके बसू नयेत. मोठ्यांनाही डोक्याला मार लागून भोवळ, मळमळ, डोकेदुखी झाली, तर त्या दिवशी सराव बंद झाला पाहिजे, आणि हे शिक्षकाने स्वतःहून सांगितलं पाहिजे. ‘सहन करायला शीक’ हे उत्तर ऐकू आलं, तर तो माणूस शिकवायला लायक नाही. जोडीदाराने हाताने दोनदा थोपटलं की पकड तत्क्षणी सुटते का, हेही न्याहाळा. नवख्या मुलीची जोडी कुणाशी लावतात, त्यातही शिक्षकाची पारख दिसते.

आता त्याहून नाजूक गोष्ट. या विद्येत शिकवताना अंगाला हात लावावाच लागतो. म्हणूनच चांगला शिक्षक हात लावण्याआधी सांगतो किंवा विचारतो, सगळ्यांसमोर शिकवतो, एकटीला ‘खास तालमी’साठी थांबवून घेत नाही. रात्री-अपरात्री विद्यार्थिनींना खासगी मेसेज पाठवत नाही. पालकांना वर्ग बघायला बंदी असेल, तर कारण कितीही गोड असो, तिथे मूल पाठवू नये. २०२३ च्या जानेवारीत देशासाठी पदकं जिंकलेल्या महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. मैदानावर कुणालाही चितपट करणाऱ्या मुलींनाही तक्रार ऐकणारी यंत्रणा लागते, हे त्या वेळी सगळ्या देशाने बघितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा प्रशिक्षणाच्या जागाही येतात. मूल अठराच्या आतलं असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. तेव्हा संस्थेला विचारा, तक्रार कुणाकडे करायची? ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडेच, असं निघालं, तर ती संस्था सुरक्षित नाही. वर्गात एखादी स्त्री शिक्षिका किंवा अनुभवी मोठी विद्यार्थिनी असणं ही मोठी जमेची बाजू.

पट्टे आणि प्रमाणपत्रं यांबद्दल थोडक्यात. पट्ट्यांची रीत ज्युडोतून आली, कराट्याने ती उचलली. शिकणाऱ्याला पायरी दिसावी, हा तिचा उपयोग. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेचं वेगळं शुल्क आणि नापास कुणीच होत नाही, असं असेल तर पट्टा विकत घेतला जातोय. कराट्याच्या संघटना अनेक आहेत आणि ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ हे शब्द कुणालाही छापता येतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी मूल घालत असाल, तर ते गुण स्पर्धांतल्या कामगिरीवर आणि त्या खेळाच्या मान्यतेवर अवलंबून असतात. आधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करा. वर्षाची फी एकरकमी मागणाऱ्याला दर महिन्याला देऊ म्हणून सांगा. आणि घराजवळचा बरा वर्ग हा दूरच्या नामांकित वर्गापेक्षा पुष्कळदा चांगला, कारण पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं तरी तिथे जाणं होतं.

कायद्याचं ज्ञान हाही या शिक्षणाचा भाग आहे, आणि ते फार थोडे शिक्षक देतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या व मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिलेला आहे. बचावासाठी जरूर तेवढंच बळ वापरावं, त्याहून अधिक इजा करू नये, ही मर्यादा कलम ३७ मध्ये आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा गोष्टींची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही हा हक्क जातो, असं कलम ३८ सांगतं. मात्र हल्लेखोर पळाला, धोका संपला, आणि मग त्याला गाठून मारलं, तर तो बचाव राहत नाही. ‘निसटलात की थांबू नका, पळा’ असं सांगणारा शिक्षक भित्रेपणा शिकवत नसतो. तो तुम्हाला हल्लेखोरापासूनही वाचवतो आणि खटल्यापासूनही. निसटल्यावर फोन कुठे करायचा, हेही वर्गात पाठ करून घेतलेलं असावं. पोलिसांसाठी ११२, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची मदतवाहिनी १०३, लोकलमध्ये लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, मुलांसाठी १०९८.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण ती ऐकून घ्यायची बऱ्याच जणींना गरज असते. हल्ल्याच्या वेळी कुणी गोठून जातं, तोंडातून शब्द फुटत नाही, शिकलेलं काही आठवत नाही. शरीराची ती एक नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. त्यात त्या बाईचा दोष नाही, आणि ‘एवढी कराटे शिकली होती, मग काही केलं का नाही?’ असं विचारणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. दोष हल्ला करणाऱ्याचा. प्रशिक्षणाने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. हमी देणाऱ्या फलकाकडे दुर्लक्ष करा.

तर या आठवड्यात वेळ काढा. शाळेच्या सभागृहातला वर्ग असो, मैदानातला असो, नाही तर एखाद्या जुन्या व्यायामशाळेतला, पैसे भरण्याआधी तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघा, आणि मुलीला बरोबर न्या. तिथे मुली एकमेकींना खरंच धरतात का, आवाज निघतो का, थोपटल्यावर पकड सुटते का, आणि एखादीने ‘मला हे नको’ म्हटलं तर तिचं ऐकलं जातं का, एवढं बघितलंत तरी पुरे. बाहेर पडल्यावर मुलीला विचारा, इथे यायला आवडेल का? ती नाही म्हणाली, तर दुसरा वर्ग बघा.